मागे घेतलेली सोडत

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात तरणी पोरं माझ्या पाठीमागे मला ‘कमिटवाली मावशी’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचा मला राग येत नाही. त्यांचा कोड माझ्याकडे तपासायला आला की मी आधी एकच गोष्ट बघते. व्यवहार कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि मध्येच काही बिनसलं तर ते निस्तरायचं कुणी? पोरं म्हणतात, “मॅडम, ते फ्रेमवर्क बघतं.” म्हणजे कोडचा आयता सांगाडा सगळं सांभाळतो. देव बघतो म्हटल्यासारखंच. मी म्हणते, वीज गेली तर फ्रेमवर्क बघेल, डिस्क भरली तर बघेल, माणसंच बदमाश निघाली तर कोण बघेल? यावर ती हसतात. म्हातारी विनोद करतेय असं त्यांना वाटतं.

मी विनोद करत नाही. या धंद्यात आले त्या पहिल्याच वर्षी मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला, आणि तोही माझ्या मायच्या घराच्या बाबतीत.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या कोडमध्ये ‘घर’ ही एक अख्खी वस्तू असते. तिला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. कुटुंबप्रमुख, जुना घर नंबर, नवा प्लॉट, सगळं त्या एका वस्तूच्या पोटात, जसं आपण मनात एखाद्याचं घर आणतो तसं. पण ती जपून ठेवायची वेळ आली की डेटाबेसमध्ये नुसती रकाने आखलेली टेबलं असतात. मग त्या एका घराचे तुकडे करून एक या टेबलात, एक त्या टेबलात टाकावे लागतात. दोन तुकडे गेले आणि तिसरा जायच्या आत वीज गेली, तर ते घर धड जुन्या गावात नाही आणि धड नव्या गावात नाही. म्हणून हे सगळं एका गाठीत बांधायचं, त्या गाठीलाच आम्ही व्यवहार म्हणतो. होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही. गाठ पक्की बसली की कमिट. मध्येच घोटाळा झाला तर सगळं होतं तसं करायचं, तो रोलबॅक. निम्मं वऱ्हाड पोचलं म्हणून कुणी निम्मं लग्न लावत नाही. हे एवढं साधं आहे आणि तरीही लोक चुकतात.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. पदविका हातात पडली आणि मला परभणीत स्टेशन रोडला, एका कापड दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरी लागली. तिथले मालक म्हणजे आमचे सर. माणूस हुशार, पुण्यात राहून आलेला. येताना ऑब्जेक्टचं वेड घेऊन आला होता. आजूबाजूचे लोक मशीनवर पगारपत्रकं काढत बसलेले असताना आमचे सर म्हणायचे, “जगात रकाने नसतात, वस्तू असतात.” वाक्य मला आवडायचं. त्या सेंटरला धरणाखाली जाणाऱ्या गावांचं पुनर्वसनाचं काम मिळालं. जुनी घरं मोजून झाली होती, नवं गावठाण आखून झालं होतं. कुणाला कुठला प्लॉट, ते आमच्या प्रोग्रॅमनं ठरवायचं होतं. त्या गावांत एक माझं गाव होतं.

माय तेव्हा गावात एकटीच राहायची. बाप आधीच गेला होता. आमचं घर वस्तीच्या अगदी कडेला, पूर्वेच्या टोकाला. आमच्या भागात वारं पश्चिमेचं. म्हणून मारुतीचं देऊळ आणि पाटला-देशमुखांची घरं पश्चिमेला, नंतर बाकीचं गाव आणि शेवटी उताराला आम्ही, म्हणजे गावाचं सांडपाणी आणि आमचा वारा दोन्ही परस्पर बाहेर. ही आखणी कुणी कागदावर केलेली नव्हती, पण एवढी पक्की आखणी मी पुढे कुठल्याही डेटाबेसात पाहिली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मी शाळकरी पोर होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला आणि आमच्याकडं वस्त्या पेटल्या. आम्ही माय-लेकी कमरेइतक्या ज्वारीत बसून होतो आणि तिथून आमचं छप्पर जळताना दिसत होतं. कोण होते ते आम्हाला माहीत होतं. त्यांच्यातल्या एकाच्या रानात माय खुरपायला जायची, आणि नंतरही जात राहिली, कारण दुसरं कुणाचं रान होतं? ठरावाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सभागृहात हात वर झाले आणि मग कमिट करायचं धाडस वर्षानुवर्षं कुणाला झालं नाही. व्यवहार उघडा टाकून सगळे आपापल्या घरी गेले. आमचं छप्पर मात्र तेव्हाच्या तेव्हा कायमचं जळालं होतं.

नव्या गावठाणाची बोलणी सुरू झाली तेव्हा मायनं एकच गोष्ट धरून ठेवली.

“मला लहान दे, मोठा दे, पलाट कसा बी दे,” ती मला म्हणाली, जणू काही मीच वाटायला बसले होते. “पर मधी दे. आपलं घर कडंला व्हतं म्हून जाळलं. दोन्ही अंगानं त्यंची घरं असती तर काडी लावायच्या आदी इचार केला असता, आपलं बी पेटंल म्हून.”

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, मिरच्या निवडत. मी हसले नाही, कारण तिचा हिशोब बरोबर होता. तिला बरोबरी नको होती, सन्मान वगैरे नको होता. तिला आगीपासून बचाव पाहिजे होता आणि त्यासाठी तिला शेजारी पाहिजे होते.

आणि तसं होईल असं वाटण्यासारखं कारणही होतं. पुनर्वसनाच्या कामावर आलेल्या साहेबांनी ठरवलं होतं की प्लॉट सोडतीनं द्यायचे. सगळ्या गावाच्या मिळून चिठ्ठ्या. कोण वरचा, कोण खालचा हे बघायचं नाही. सुरुवातीला त्यांनी ते मनापासून ठरवलं होतं, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. आमच्या गावचे सरपंच दोन माणसं घेऊन त्यांना भेटायला आले. मी तिथेच बसले होते.

“साहेब, सोडत चांगली. आमचं काई म्हननं न्हाई,” सरपंच म्हणाले. “फकस्त दिशा सांभाळा. वारं कोन्या अंगानं येतंय ते बघाया पाह्यजे का न्हाई? मानसानं आपल्या मानसांत ऱ्हावं. आमी बी सुखी, ते बी सुखी.”

साहेब म्हणाले, “मशीनला दिशा कळत नाही.” मला तेव्हा फार बरं वाटलं. घरी जाऊन मी मायला तेच सांगितलं.

प्रोग्रॅम लिहिताना सरांचं आणि माझं वाजलं. सरांनी लिहिलेला भाग असा होता की घराच्या वस्तूला हात लावला की तिचा तेवढा तुकडा लगेच डेटाबेसात जायचा. जुना नंबर खोडला की गेला, नवा प्लॉट दिला की गेला. दिसायला सुरेख, पण परभणीच्या विजेचा भरोसा कोण देणार? चाचणी घेतली त्या दिवशी वीज गेली आणि काही घरं अशी सापडली की जुन्या गावातून त्यांचं नाव गेलेलं आणि नव्या गावात आलेलंच नाही. सर म्हणाले, “हातानं दुरुस्त करू.” मी म्हणाले, ज्यांची घरं लटकली त्यांना विचारा, हातानं दुरुस्त म्हणजे काय असतं ते.

मग गाठ कुठे बांधायची यावर वाद. सर एकेका घरापुरती गाठ बांधायला तयार झाले. मी म्हणाले, नाही, अख्खी सोडत एकाच गाठीत. अर्धं गाव निघालं आणि वीज गेली, तर उरलेल्यांची सोडत पुन्हा काढावी लागेल. उरलेले कोण आणि पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून, यावर गावात डोकी फुटतील. सरांचं म्हणणं, एवढा लांब व्यवहार मशीनला झेपणार नाही. त्यांचं पूर्ण चूक नव्हतं, कारण एवढं सगळं कमिट होईपर्यंत धरून ठेवायचं तर मशीन घामाघूम व्हायचं. पण मी हटून बसले. शेंडी तुटो की पारंबी तुटो, सोडत एकच. शेवटी सर म्हणाले, “कर बाई तुझ्या मनासारखं.” मी केलं आणि चांगलं केलं. आजही त्या कोडमध्ये मला खोट काढता येणार नाही.

पहिलं प्रात्यक्षिक सेंटरमध्येच झालं. साहेब, सरपंच आणि गावातली काही मंडळी आली होती. सरांनी सोडत सुरू केली. पडद्यावर घर नंबर आणि त्यासमोर प्लॉट उमटू लागले. सरपंचांच्या नावासमोर प्लॉट आला तो नाल्याकडचा, पूर्वेच्या टोकाचा. सरपंचांनी नकाशात बोट घालून ती जागा शोधली आणि त्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात वीज गेली. बॅटरी होती, पण ती ऐन कामाच्या वेळी बसणारी.

वीज आल्यावर मशीन सुरू केलं तर पडद्यावरचं काहीच डेटाबेसात नव्हतं. सगळी घरं आपापल्या जुन्या नंबरावर शाबूत. पडद्यावर दिसत होतं ते नुसतं मशीनच्या मनातलं होतं, गाठ बसायच्या आत वीज गेली होती. माझं काम बिनचूक झालं होतं. सरांची छाती फुगली.

“बघा! एक अक्षर बिघडलं नाही.”

“म्हंजी मघाचं गेलं?” सरपंचांनी विचारलं.

“गेलं.”

“कुटं गेलं?”

“कुठंच नाही. ते झालंच नव्हतं असं समजा.”

सरपंच बराच वेळ मान हलवत राहिले. “लय भारी मशीन हाय,” ते म्हणाले. मला वाटलं, कौतुक करायलेत.

खरी सोडत गावच्या शाळेच्या मैदानात झाली. मशीन जीपमधून नेलं, मांडीवर धरून. मंडपवाल्याचा जनरेटर आणला होता. या खेपेला सगळं शेवटपर्यंत गेलं. कमिट झालं. लोकांची खात्री पटावी म्हणून मी सगळ्यांसमोर मशीन बंद केलं, परत चालू केलं आणि दाखवलं, निकाल जागच्या जागी आहे. आता जनरेटर बंद पडो की धरण फुटो, हे पुसलं जाणार नाही, असं मी सांगितलं. सरपंचांचा प्लॉट यावेळी चांगल्या जागी आला होता. पण त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा आला तिसऱ्या गल्लीत, हापशाजवळ, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून माझ्या मायचा.

मायला ते वाचून दाखवलं तर तिनं मला परत वाचायला लावलं. मग विचारलं, “अन् ह्या अंगाला?” तिथेही वरच्या आळीतलं घर होतं. माय पदर तोंडाला लावून बसली. तिला एवढं खुश मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

नव्या जागेत जायच्या आधी तिथं दूध उतू घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. लोक घर बांधून झाल्यावर घालतात. मायला तेवढा धीर कुठला? ती वस्तीतल्या बायकांना घेऊन उघड्या माळावर गेली, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या चौकोनात तीन दगड मांडले, दूध उतू घातलं आणि मग तिथंच कण्या शिजवून सगळ्या जेवल्या. शेजारच्या चौकोनात चुलतभावाची बायको आपली जागा बघायला आली होती. माय तिला म्हणाली, “या की बाई, दोन घास खा.” ती पदर सावरून आल्या वाटेनं निघून गेली.

आठवड्याच्या आत सरपंच सेंटरच्या माडीवर हजर झाले.

“सर, त्या दिशी लाईट गेल्यावर मशीननं जसं मागं घेतलं, तसं आता घ्या.”

सर गडबडले. “अहो, तेव्हा कमिट झालं नव्हतं. आता झालंय.”

मी मध्ये बोलले. “कमिट झालेलं मागे घेता येत नाही. कुणाच्या बापाला येणार नाही.”

सरपंचांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “ही कुनाची?” सरांना विचारलं. सरांच्या आधी त्यांच्याबरोबरच्या माणसानं सांगितलं. “हां,” सरपंच म्हणाले, “म्हंजी खालच्या वस्तीतली.” आणि पुन्हा सरांकडे वळले. मी तिथे नव्हतेच जणू.

“सर, मशीन बिघडू शकती का न्हाई?”

“बिघडू शकते की.”

“मंग बिघडली म्हना.”

सर हसले, मग हसायचे थांबले. मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघितलं. कपाटात टेप होती. कुठलंही मोठं काम करण्याआधी सगळ्या डेटाची नक्कल टेपवर घेऊन ठेवायची, ही आमच्या सेंटरची शिस्त. सोडतीच्या दिवशी सकाळीही घेतली होती. त्या टेपवर सोडत झालेलीच नव्हती. ती मशीनवर चढवली की कमिट झालेलं, न झालेलं, सगळं सारखंच.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा टेप चढवून झाली होती. नोंदवहीत कारण लिहिलं होतं, ‘तांत्रिक बिघाड’. चोर तो चोर आणि वर शिरजोर. बिघाड माझ्या प्रोग्रॅमच्या माथी!

मी साहेबांकडे गेले. मशीन बिघडलेलं नव्हतं, मी स्वतः हजर होते, सगळ्या गावानं पाहिलंय, असं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुमचं खरं असेल,” ते म्हणाले. “पण जिल्ह्यात आधीच नामांतरावरून गरम आहे. आपल्या एका गावठाणावरून नवी ठिणगी कशाला? शांतता महत्त्वाची.”

शांतता म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. वरचे चिडले तर अशांतता होते. खालचे चिडले तर त्यांना समजूत कमी असते.

नवी सोडत निघालीच नाही. ‘पुन्हा वाद नको’ म्हणून सरांनी एक सोपा नियम सुचवला. घरं जुन्या नंबरांच्या क्रमानं घ्यायची, प्लॉट नव्या नंबरांच्या क्रमानं घ्यायचे आणि जोड्या लावायच्या. ऐकायला किती सरळ! जुने घर नंबर मारुतीच्या देवळापासून सुरू व्हायचे आणि आमच्या वस्तीत संपायचे. नवे प्लॉट पश्चिमेपासून सुरू होऊन पूर्वेला नाल्याशी संपत होते. सरांनी स्वतः ती एक ओळ लिहिली. मी त्यांच्या मागे उभी होते.

“हे करू नका सर. तुम्हाला माहीत आहे यानं काय होणार ते.”

“यात जात कुठंय?” सर चिडून म्हणाले. “दाखव. प्रोग्रॅमात जातीचा रकाना आहे का एक तरी?”

नव्हता. खरंच नव्हता. कुटुंबप्रमुख, जुना नंबर, नवा नंबर, एवढंच. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवू शकेन असं तिथे काहीही नव्हतं, आणि तरी काही वेळानं प्रिंटरमधून कर्र कर्र करत जुनं गाव जसंच्या तसं बाहेर आलं. पश्चिमेला देऊळ, मग पाटील, मग देशमुख, मग बाकीचे आणि उताराला, नाल्याच्या काठाला, आम्ही. मायचा प्लॉट शेवटून दुसरा. सगळं एका गाठीत, एकही घर लटकलेलं नाही, व्यवहार पूर्ण. माझाच कोड होता तो. फार सुंदर चालला.

पोरांना मी हे सांगते तेव्हा ती म्हणतात, मग तुम्ही तिथे काही केलं का नाही? काय करणार होते? मी भांडले, रडले, सरांना नाही नाही ते बोलले. मोर्च्याला माणसं जमवायला गेले तर वस्तीतल्याच जाणत्यांनी मला घरी पाठवलं. ते अठ्ठ्याहत्तर विसरले नव्हते. नोकरी लगेच सोडली नाही, कारण पोटाला काय घालणार होते? दुसरीकडे लागेपर्यंत त्याच मशीनसमोर बसले, त्याच माणसाच्या हाताखाली. त्या दिवसांचा राग अजून माझ्या अंगात आहे आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

पण गोष्ट तिथे संपली असती तर एक वेळ सोसली असती.

सरपंचांच्या चुलतभावाला नव्या यादीतही तिसऱ्या गल्लीतली हापशाजवळची तीच जागा आली, आणि तिला लागून असलेला, सोडतीत मायला निघालेला तो प्लॉट गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला आला. जागा चांगली, पाणी दाराशी. तो माणूस चार दिवसांत सेंटरवर आला. “सर, मला दुसरा द्या,” म्हणाला. सरांनी कारण विचारलं तर आढेवेढे घ्यायला लागला. माझ्याकडे बघून आवाज खाली घेतला.

“तिथं चूल मांडलेली हाय.”

टेपनं सोडत मागे नेली होती. मायनं तिथं शिजवलेल्या कण्या तेवढ्या कुणाला मागे नेता आल्या नव्हत्या.

त्याला प्लॉट बदलून मिळाला. साहेबांची सही आली, सरांनी चार कळा दाबल्या, हा प्लॉट सोडला, तो धरला, कमिट. चहा निवायच्या आत काम झालं. नंतर तो प्लॉट ज्याला ज्याला दाखवला त्यानं त्यानं नको म्हटलं. अखेर तो कुणाच्याच नावावर राहिला नाही.

ते कळल्यावर माय एसटीनं परभणीला आली. मी तिला साहेबांकडे घेऊन गेले. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात शिरत होती, पण जराही बुजली नाही.

“साहेब, त्यो पलाट कुनालाच नको म्हनत्यात. मंग मला द्या.”

“बाई, तुम्हाला प्लॉट मिळालाय. एका घराला दोन देता येत नाहीत.”

“दोन कशाला पाह्यजेत? नाल्याकडचा तुमी घ्या, त्यो मला द्या. आताच एकाला बदलून दिला न्हवं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलून त्यांना सोडवीन अशा आशेनं. मी मायकडे बघत उभी राहिले.

“त्यांची अडचण वेगळी होती,” साहेब म्हणाले.

“माजी अडचन सांगू?” माय म्हणाली. आणि तिनं सांगितली. कडेचं घर, आग, ज्वारीचं रान, सगळं सांगितलं. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. भला माणूस होता, डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या. मग म्हणाला, “बघतो.” आमच्याकडं ‘बघतो’ म्हटलं की काम संपलं असं समजायचं.

पुढे मी पुण्याला आले. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, नव्या जागी बसलं. मायनं नाल्याच्या काठाला पत्र्याचं घर बांधलं. मी पुण्याला चल म्हणाले तर आली नाही. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव शेवटी झालं. जुनं तसंच ठेवून त्याला नवं जोडलं. मी रजा काढून गावी गेले. वस्तीत पणत्या होत्या, पोरं नाचत होती आणि मायनं गोड केलं होतं. सकाळी पाणी संपलं म्हणून आम्ही दोघी घागरी घेऊन निघालो. नाल्याकडं बोअरला पाणी लागलं नव्हतं, म्हणून वस्तीतल्या बायका तिसऱ्या गल्लीच्या हापशाला जायच्या, वरच्यांचं भरून झाल्यावर.

गल्लीत शिरल्याशिरल्याच वास आला. दोन्ही बाजूला पक्की घरं, रंग दिलेली, आणि मध्ये त्या चौकोनात गुडघाभर उंचीचा उकिरडा. शेण, राख, पोतेरी, मेलेली कोंबडी, सगळ्या गल्लीनं आणून टाकलेलं. सरपंचांच्या चुलतभावाची बायको नाकाला पदर लावून हापशाला पाणी भरत होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या उकिरड्यावर उघडत होती.

मी जागच्या जागी थांबले. माय थांबली नाही. तिला ते रोजचं होतं. ती पुढे गेली, रांगेत घागर ठेवून आमच्या बायकांच्या मागे उभी राहिली आणि मी जवळ आल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, “उकिरडा चालला बग त्यंला शेजारी. मी न्हाई चालले.”